सतरा रिपो, तीन तारखा आणि काकांची डायरी

१ ऑगस्ट ते ८ ऑगस्ट २०२३. हे आठ दिवस मला आता पाढ्यासारखे पाठ झालेत, आणि त्या आठ दिवसांत मी स्वतः काय करत होते ते विचाराल तर काही म्हणजे काही आठवत नाही.

आमची कंपनी छोटी. नाशिकच्या सातपूर-अंबडमधल्या वर्कशॉपवाल्यांना आणि पिंपळगाव, लासलगावकडच्या व्यापाऱ्यांना बिलिंग आणि स्टॉकचं सॉफ्टवेअर देतो. कोड लिहिणारे आम्ही सात जण आणि रिपो सतरा. रिपो म्हणजे एकेका सॉफ्टवेअरचा कोड, त्यातल्या प्रत्येक बदलाच्या नोंदीसकट. कशा झाल्या विचारू नका, घरात जसे डबे वाढत जातात तशाच. एक जुनं डेस्कटॉपचं, एक वेबचं, एक मोबाइलचं, एक फक्त रिपोर्टचं, एक "कॉमन" नावाचं जे कोणीच कॉमनली वापरत नाही, आणि दोन अशा की त्या कशाच्या आहेत हे सांगणारा माणूस पुण्याला नोकरीला गेलाय.

तर झालं असं. सातपूरचा एक क्लायंट आहे, प्रेस पार्ट बनवतात, वर्षाला साधारण सात कोटींचं काम. त्यांच्याकडून माल घेणाऱ्या मोठ्या पार्टीने हिशोब जुळवताना ऑगस्ट २०२३ ची काही बिलं बाजूला काढली, का तर त्यावर आयआरएन, म्हणजे सरकारी पोर्टलवर बिल नोंदवलं की मिळणारा नंबर, नाही. असं पोर्टलवर नोंदवलेलं बिल म्हणजे ई-इन्व्हॉइस, आणि वर्षाच्या किती उलाढालीच्या वर ते सक्तीचं ही मर्यादा जीएसटीवाल्यांनी पायरी पायरीने खाली आणली हे ज्यांनी सोसलंय त्यांना माहीतच असेल. ऑक्टोबर २०२० ला ५०० कोटी, जानेवारी २०२१ ला १००, एप्रिल २०२१ ला ५०, एप्रिल २०२२ ला २०, ऑक्टोबर २०२२ ला १० आणि १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटी. म्हणजे हा क्लायंट बरोब्बर शेवटच्या पायरीवर आत आला. आणि नियम ४८(५) सरळ सांगतो की ज्याला ई-इन्व्हॉइस लागू आहे त्याने ते तसं काढलं नाही तर ते बिल बिल म्हणून धरायचंच नाही. जबाबदारी क्लायंटचीच असते, पण फोन कोणाला येणार, आम्हालाच.

त्यांचे सीए साहेब बोलायला एकदम शांत. "मॅडम, तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये पाच कोटीचा बदल नक्की कोणत्या तारखेला आला, तेवढं फक्त सांगा." मी म्हटलं देते सर, पाच मिनिटांत. पाच मिनिटांचे अकरा दिवस झाले.

आणि फोन ठेवता ठेवता साहेब म्हणाले, बघताच आहात तर १ एप्रिल २०२१ ते ३१ मार्च २०२४ मधले टॅक्सच्या हिशोबातले सगळे बदल देऊन टाका, ते एडिट लॉगचं पण आहे ना आता. आता ते एडिट लॉगचं वेगळं आहे हो. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक नोंदीच्या बदलाची नोंद राहिली पाहिजे आणि ती बंद करता येता कामा नये, असा नियम आहे. तो डेटाबद्दल, आमच्या कोडबद्दल नाही. मी समजावलं, त्यांनी ऐकून घेतलं, आणि म्हणाले बरोबर आहे, तरीपण द्या. सीए लोकांचं हे मला आवडतं, वाद घालत नाहीत, फक्त मागतात.

याच्या आधी सगळ्या रिपो एकदम उघडायची वेळ एकदाच आलेली, डिसेंबर २०२१, लॉग-फोर-जे या सगळीकडे वापरल्या जाणाऱ्या तयार कोडच्या लायब्ररीत भोक सापडलं ते प्रकरण. तेव्हा अख्ख्या जगाची झोप उडालेली, पण प्रश्न सोपा होता, आत्ता कुठल्या कुठल्या रिपोत ते आहे? शोधा, व्हर्जन वाढवा, पुढच्या आठवड्यात परत वाढवा, कारण २.१५ पुरलं नाही, २.१६ पण नाही, असं करत २.१७.१ पर्यंत गेलो. दमलो पण डोक्याला ताप नव्हता. "आत्ता आहे का" आणि "तेव्हा होतं का" यात केवढा फरक आहे ते आता कळलं.

सुरुवात सगळे करतात तशीच केली. एक छोटी स्क्रिप्ट, सतरा फोल्डरमध्ये जा, गिट लॉग चालव (गिट म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर, लॉग म्हणजे त्या नोंदींची यादी), सिन्सला, म्हणजे कधीपासून, २०२१-०४-०१, अन्टिलला, म्हणजे कधीपर्यंत, २०२४-०३-३१, टॅक्सच्या फोल्डरांपुरतं, सगळं एका सीएसव्हीत. सकाळी चालवली, आकडा आला ४१२ कमिट, म्हणजे नोंदवलेले बदल. संध्याकाळी क्लायंटसाठी फाइल काढायची म्हणून परत चालवली, ४०९.

मधे कोणी काही पुश केलेलं, म्हणजे रिपोत चढवलेलं, नाही, तारखा त्याच, स्क्रिप्ट तीच. अर्धा तास मी स्वतःवरच संशय घेत बसले. मग कळलं. गिटला नुसती तारीख दिली, वेळ नाही दिली, की ते त्या तारखेला आत्ताच्या घड्याळाची वेळ लावतं. म्हणजे सकाळी दहाला चालवलं तर १ एप्रिलच्या सकाळी दहापासूनचं मोजतं, सहाला चालवलं तर संध्याकाळी सहापासूनचं. १ एप्रिल २०२१ ला, म्हणजे नेमकं ५० कोटीच्या दिवशी, आमच्याकडे दहा ते सहाच्या मधे तीन कमिट होते, ते गळाले. दुसऱ्या टोकाला उलटं होतं, पण ३१ मार्च २०२४ रविवार, त्या दिवशी कमिटच नाही. नाहीतर तीन गळून तीन वाढले असते आणि आकडा तोच आला असता, मला कधीच कळलं नसतं! तेव्हापासून मी सिन्सला ००:०० आणि अन्टिलला २३:५९:५९ लिहिल्याशिवाय एंटर दाबत नाही.

दुसरा घोळ जास्त भारी होता. डेस्कटॉपच्या रिपोत जून २०२३ च्या आधी काहीच दिसेना, आणि ती तर आमची सगळ्यात जुनी रिपो. मला वाटलं माझ्याकडे अर्धवट क्लोन आहे, डेप्थ देऊन, म्हणजे रिपोचे शेवटचे काहीच कमिट कॉपी करून घेतलेला. तसा नव्हता. नुसतं लॉग मारलं की सगळं दिसायचं, सिन्स लावलं की तुटायचं. शेवटी सगळ्या कमिटच्या तारखा एकाखाली एक काढल्या, आणि मधेच एक कमिट, तारीख १ जानेवारी २००९. अंबडला एका क्लायंटच्या शॉप फ्लोअरवरच्या पीसीवर बसून आमच्यातल्या एकाने हॉटफिक्स (तातडीची दुरुस्ती) मारलेला, त्या पीसीचा मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल मेलेला, त्यामुळे चालू केला की घड्याळ २००९ ला. गिट काय करतं, मागे मागे जात जात सिन्सपेक्षा जुना कमिट लागला की म्हणतं झालं, याच्या मागे सगळं जुनंच असणार, आणि त्या वाटेने पुढे जातच नाही. शंभर-दोनशे रुपयांच्या सेलने दोन वर्षांचा इतिहास गिळला. २०२२ च्या २.३७ व्हर्जनपासून सिन्स-ॲज-फिल्टर म्हणून वेगळा ऑप्शन आहे, तो न थांबता सगळे कमिट बघतो. तो लावला आणि ते दोन वर्षं परत आले.

मग मूळ प्रश्न, पाच कोटी. इथे मला वाटलं आपण आता उस्ताद झालो. गिट लॉगला मोठा एस दिला की एखादा मजकूर कुठल्या कमिटमध्ये आला किंवा गेला ते सापडतं. म्हणून पाचावर सात शून्य टाकून शोधलं. चार रिपोत सापडलं, पाचव्यात नाही, आणि पाचवीत तर नियम चालतोय हे मला माहीत होतं. बघते तर एकाने लिहिलंय पाच गुणिले करोड, वर करोड नावाने एक कोटीचा आकडा वेगळा लिहून ठेवलेला. दुसऱ्याने रिपोर्टच्या रिपोत पाच ई सात (पाचावर सात शून्य लिहायची शास्त्रीय पद्धत) लिहिलंय, इंजिनिअरिंगचा अभ्यास कुठेतरी वापरायचाच म्हणून. आणि मोबाइलच्या रिपोत एकाने सातच्या ऐवजी आठ शून्य दिलेत, म्हणजे ती जुनीच ५० कोटीची पायरी, बदललेलीच नाही, आणि इतके दिवस कोणाच्या लक्षात नाही कारण मोबाइलवरून बिल काढतं कोण. ते गुपचूप दुरुस्त केलं. (आता गुपचूप राहिलं नाही म्हणा.)

अजून एक, मोठा एस फक्त मोजतो की तो मजकूर किती वेळा येतो. ओळ एका फंक्शनमधून उचलून त्याच फाइलमध्ये खाली टाकली तर संख्या तीच, मग तो कमिट दाखवतच नाही. त्याला मोठा जी लागतो, तो बदललेल्या ओळींमध्येच पॅटर्न शोधतो. माझे दोन दिवस या दोन अक्षरांमध्ये गेले.

कोणी केलं हा कॉलम तर मी द्यायलाच नको होता. यादीत आमचे सात जण एकोणीस झाले. एकच मुलगा ऑफिसच्या मेलने एक, घरच्या जीमेलने दोन, सर्व्हरवर रूट म्हणून तीन, आणि नवीन लॅपटॉप घेतला तेव्हा पंधरा दिवस नुसता "युजर" म्हणून चार. मेलमॅप नावाची एक फाइल ठेवली की गिट शॉर्टलॉगमध्ये (कोणाचे किती कमिट ती यादी) हे सगळे अवतार एका नावाखाली जमा होतात, ती सगळ्यांना समोर बसवून भरून घेतली. आधार लिंक करायच्या रांगेसारखं वाटत होतं.

आणि ब्लेम, म्हणजे प्रत्येक ओळ शेवटी कोणी बदलली ते दाखवणारी गिटची यादी, बघावी तर टॅक्सच्या अख्ख्या फाइलवर माझंच नाव! कारण २०२२ मध्ये मीच कधीतरी उत्साहात सगळा कोड एका फॉरमॅटरमधून (कोडची मांडणी एकसारखी करणारा प्रोग्राम) काढलेला, टॅबचे स्पेस केलेले. लॉजिकचा एक अक्षर बदल नाही, पण प्रत्येक ओळीची मालकीण मी. यावर उपाय आहे, असे कमिट एका फाइलमध्ये लिहून ब्लेमला सांगायचं की हे सोडून दे, २०१९ पासून गिटमध्ये आहे. मला २०२५ मध्ये कळला.

काही रिपोंना तर भूतकाळच नाही. मोबाइलची रिपो वेबमधून वेगळी काढली तेव्हा ज्याने काढली त्याने फोल्डर कॉपी केलं, पेस्ट केलं, "इनिशियल कमिट" मारला, दोनशे चौदा फाइली. त्याच्या आधी कोणी काय लिहिलं ते शोधायला परत वेबच्या रिपोत जायचं आणि तारखा मनाने जुळवायच्या. हिस्टरीसकट फोल्डर वेगळं काढता येतं, पण त्या संध्याकाळी कोणाला घाई नव्हती असं कधी झालंय का. मी चिडून बोलले तर तो म्हणाला, लिनक्स बनवणाऱ्या लिनस टॉरवाल्ड्सने पण हेच केलं ना. आणि खरंच आहे, एप्रिल २००५ मध्ये बिटकीपर (गिटच्या आधी लिनक्ससाठी वापरत ते तसंच सॉफ्टवेअर) फुकट मिळणं बंद झालं म्हणून त्याने काही दिवसांत गिट लिहिलं आणि लिनक्स कर्नलचा, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा, कोड त्यात घातला तो २.६.१२-आरसी२ पासून, मागचा इतिहास बाजूला ठेवून. यावर काय बोलणार. फक्त एवढंच म्हटलं की तू कर्नल लिहीत नाहीयेस, तू गेटपासचा स्क्रीन लिहितोयस.

मधल्या काळात आमचे साहेब येऊन विचारून गेले, एकूण किती ओळी बदलल्या, क्लायंटला आकडा देऊ, इम्प्रेशन पडेल. आकडा होता लाखांत. त्यातला मोठा भाग माझ्या टॅब-स्पेसचा आणि कोणीतरी चुकून चढवलेल्या लायब्रऱ्यांचा. मी त्यांना म्हटलं सर, पुराच्या वेळी गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलं ते रेडिओवर सांगतात, पण पंचवटीतला माणूस काय विचारतो, गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत आलं? गुडघ्याला, कमरेला, छातीला. कारण मारुती हलत नाही. आपल्याकडे न हलणारं काय आहे, तर टॅग, म्हणजे रिलीजच्या कमिटवर लावलेली नावाची खूण. ओळी नको, टॅग ते टॅग काय बदललं ते देऊ. साहेब मूळचे पंचवटीचेच, लगेच पटलं. अर्थात आमचे निम्मे टॅग लाइटवेट निघाले, त्यांना स्वतःची तारीखच नसते, ज्या कमिटवर लावले त्याचीच. आमचा मारुती पण थोडा हलतो.

आता त्या पाच कोटीच्या कमिटवर या. नोटिफिकेशन आलं १० मे २०२३ ला. आमच्या मुलाने कोड लिहिला २९ मेला, तसं ऑथर डेटमध्ये दिसतं. पण सिन्स-अन्टिलला ही तारीख दिसतच नाही, ते बघतं कमिटर डेट, म्हणजे कमिट आत्ताच्या रूपात नोंदवला ती तारीख, आणि ती होती १४ जुलै, कारण मधे दीड महिना ती ब्रँच (कोडची वेगळी फांदी) पडून होती आणि मर्जच्या, म्हणजे मुख्य कोडमध्ये मिसळायच्या, आधी रिबेस केली, म्हणजे तिचे कमिट नव्या कोडवर परत लावले. रिबेस केलं की कमिटर डेट नवीन होते, ऑथर डेट तशीच राहते. म्हणजे एकाच बदलाला दोन तारखा, दोन्ही खऱ्या. रिलीजचा टॅग २४ जुलैचा, तो सुदैवाने नीट, नाव-तारखेसकट लावलेला. १ ऑगस्टच्या आठ दिवस आधी.

आमचे साहेब खूश. म्हणजे आपण वेळेत दिलं! मी पण खूश, मेल लिहायला घेतला, तीन कॉलम, लिहिला कधी, मर्ज कधी, रिलीज कधी. पाठवायच्या आधी सहज सपोर्टच्या काकांना विचारलं. काका आमच्याकडे सगळ्यात जुने, स्कूटरवर सगळी एमआयडीसी फिरतात. म्हटलं काका, त्या प्रेस पार्टवाल्यांकडे जुलैचा अपडेट २४ लाच पडला ना?

काका म्हणाले, "चोवीस कुठली गं, तिथं मी नऊ ऑगस्टला गेलोय."

त्या क्लायंटच्या बिलिंगच्या पीसीला इंटरनेटच नाही. मालकांनी मुद्दाम दिलेलं नाही, पोरं यूट्यूब बघतात म्हणून. नेट फक्त केबिनमध्ये, बिलांची जेसन फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन केबिनमधल्या पीसीवरून पोर्टलला चढवायची. त्यामुळे अपडेट पण पेन ड्राइव्हनेच जातो, म्हणजे काकांनीच. आणि काकांकडे त्या वेळी चाळीस जणांची यादी, ती त्यांनी रस्त्याप्रमाणे लावली, आधी अंबड, मग सिन्नर, मग सातपूर. "यांचा टर्नओव्हर पाचच्या वर आहे हे मला कोण सांगणार होतं? मला वाटलं हे तीन-चारवाले." त्यांचंही चूक नाही. ज्याला नियम लागू होता त्याच्याकडे आधी जायचं ही गोष्ट सतरापैकी एकाही रिपोत लिहिलेली नव्हती, कुठेच लिहिलेली नव्हती.

मी विचारलं नऊच कशावरून? काकांनी ड्रॉवरमधून एका बँकेची फुकटची डायरी काढली, २०२३ ची. ९ ऑगस्ट, बुधवार. निळ्या पेनने, "प्रेस पार्ट – नवीन व्हर्जन टाकले. १ बिल काढून दाखवले. चहा." आणि खाली पेट्रोलचे दोनशे.

मला मार्च २०२४ मधलं एक्सझेडचं प्रकरण आठवलं. कॉम्प्रेशनच्या त्या लायब्ररीत कोणीतरी दोन-अडीच वर्षं चांगलं काम करून विश्वास मिळवला आणि ५.६.० मध्ये मागचं दार बसवलं. आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या, पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणाऱ्या माणसाला एसएसएच (दुसऱ्या मशीनवर दुरून) लॉगिन अर्ध्या सेकंदाने हळू वाटलं म्हणून ते उघडं पडलं. त्यातला मला सगळ्यात टोचलेला भाग हा की ते दार बिल्डच्या वेळी चालू करणारी फाइल गिट रिपोत नव्हतीच, फक्त रिलीजच्या टारबॉलमध्ये, म्हणजे लोकांना वाटलेल्या कोडच्या गठ्ठ्यात, होती. तुम्ही रिपोचा एकेक कमिट भिंग लावून वाचला असता तरी ती दिसली नसती. तिथे हे मुद्दाम केलेलं, आमच्याकडे नुसता ढिसाळपणा, पण जागा तीच, रिपोत जे आहे आणि माणसाच्या मशीनवर जे पोचलं त्याच्या मधली. मी अकरा दिवस रिपो खणत होते आणि उत्तर ड्रॉवरमध्ये, पेट्रोलच्या वरच्या ओळीत.

मेलमध्ये चौथा कॉलम टाकला, "मशीनवर कधी". साहेब दोन मिनिटं स्क्रीनकडे बघत राहिले, म्हणाले पहिले तीन दिले तर चालणार नाही का, त्यांनी विचारलंय सॉफ्टवेअरमध्ये कधी आला. मी म्हटलं सर, त्यांच्यासाठी सॉफ्टवेअर म्हणजे तो पीसी. मग काही बोलले नाहीत. गेला मेल. सीए साहेबांचं उत्तर एका ओळीचं, "नोंद घेतली, धन्यवाद, यादीचा फॉरमॅट छान आहे." त्या आठ दिवसांच्या बिलांचं पुढे काय झालं ते त्यांचं आणि त्या मोठ्या पार्टीचं, आम्हाला कोणी सांगितलं नाही आणि मी विचारलं पण नाही.

आता दर सोमवारी सकाळी सातला स्क्रिप्ट आपोआप चालते, सतराही रिपोवर, मेन ब्रँचवर काय मर्ज झालं तेवढंच, दोन्ही तारखा, पुढचा टॅग, सगळं भारतीय वेळेत. आणि सॉफ्टवेअर पहिल्यांदा नव्या व्हर्जनने उघडलं की ती तारीख स्वतःच्याच डेटाबेसमध्ये लिहून ठेवतं, नेट असेल तर आम्हाला कळवतं. नेट नसेल तिथे काका पेन ड्राइव्हवर ती फाइल परत आणतात. निदान आणायची असं ठरलंय.

डायरी मी स्कॅन करायला म्हणून घेतलेली, ती पंधरा दिवस माझ्याच टेबलावर पडून होती. परवा काका आले, म्हणाले स्कॅन-बिन काय करायचं ते लवकर कर आणि दे परत, गॅसचे नंबर कधी लावले ते सगळं त्यात आहे, घरी तुझी काकू विचारते.